गरम चहा, गार पाणी आणि दातातील सांधा

घरातील वडीलधारी व्यक्ती पाणी नको म्हणू लागली, तर आपण काय समजतो? वयोमानाने तहान मंदावली असेल, वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून टाळत असतील, नाहीतर स्वभावच हट्टी. मीही हेच समजले. गेल्या वर्षी मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना माझ्या ८७ वर्षांच्या आईने पाण्याचा पेला दूर सारायला सुरुवात केली आणि १५ दिवस मी तिच्या वयाला दोष देत राहिले. दोष होता तिच्या खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या एका दाढेत, अगदी हिरडीलगत, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत.

“राहू दे व, मले तहान नाही,” एवढेच ती म्हणे. चहा मात्र ती नाकारत नसे. तो बशीत ओतून, फुंकर घालून, निवांत पीत असे. मी त्यावरून निष्कर्ष काढला की हिला फक्त चहा हवा, पाणी नको. एके दिवशी सकाळी पलंगावरून उठताना तिला भोवळ आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, कोपरावरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सलाईन लावले. “पाणी मोजून द्या, समोर उभे राहून द्या,” असे त्यांनी मला बजावले.

समोर उभी राहिले म्हणून ते मला दिसले. पेला ओठांशी नेण्यापूर्वी आई मान उजवीकडे कलती करत होती. घोट उजव्या गालात घेऊन, डोळे गच्च मिटून, औषध गिळावे तसा गिळत होती. मी विचारले, “आई, दात दुखतो का?” “दुखत नाही व. गार लागलं का सणक जाते डोक्यात.” मग आजवर बोलली का नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “त्यात काय सांगाचं?”

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे वाक्य ऐकू येत असेल. त्या पिढीच्या लेखी दात दुखणे हा आजार नव्हेच. तो वयाचा एक भाग. म्हणून त्यांच्या सांगण्याची वाट न पाहता पेला धरण्याची त्यांची रीत पाहावी, हे मला त्या दिवशी कळले.

दंतवैद्य म्हणून आम्ही जिच्याकडे गेलो ती माझीच जुनी विद्यार्थिनी. मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तिने आईच्या तोंडात लहानसा आरसा धरला, टोकदार सळई दाढेच्या मानेवरून अलगद फिरवली आणि ती सळई एका ठिकाणी अडकली. दीड वर्षापूर्वी दुसरीकडे तेथे दाताच्याच रंगाचे फिलिंग भरून घेतले होते. फिलिंग जागच्या जागी होते. मात्र त्याच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ उमटली होती. “सांधा सुटलाय, बाई,” ती म्हणाली. “आणि तुम्हीच आम्हाला गोळा आणि कडे दाखवले होते.”

गोळा आणि कडे! आपल्यापैकी पुष्कळांना तो प्रयोग आठवत असेल. लोखंडी गोळा थंड असताना कड्यातून सहज जातो. तापवला की अडतो. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, थंडीने आकुंचन पावतात आणि प्रत्येक पदार्थाचे प्रमाण निराळे असते. रुळांमध्ये फट का ठेवतात, ते मी फळ्यावर किती वेळा काढून दाखवले असेल. माझ्या आईच्या तोंडात तोच धडा दीड वर्ष रोज दोन वेळा गिरवला जात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर मी आकडे मांडले. दाताच्या एनॅमलचा, म्हणजे वरच्या पांढऱ्या कठीण कवचाचा, रेषीय प्रसरणांक सुमारे ११ आहे. म्हणजे तापमान एक अंशाने वाढले की लांबीच्या दहा लाख भागांत ११ भागांची वाढ. दाताच्या रंगाचे जे कॉम्पोझिट भरतात, त्याचा अंक प्रकारानुसार साधारण २५ ते ४० च्या आसपास असतो. कवळीच्या गुलाबी अॅक्रिलिकचा तर ८० च्या घरात. आता पाच मिलिमीटर लांबीचे फिलिंग धरू आणि गार पाण्यापासून कडक चहापर्यंत ५० अंशांचा फरक धरू. दात वाढेल पावणेतीन मायक्रॉन. फिलिंग वाढेल जवळजवळ नऊ मायक्रॉन. फरक सहा मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा सहा मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असे वाटेल. परंतु किडीचे जंतू एकेक मायक्रॉनच्या आसपासचे असतात. त्यांच्या दृष्टीने तो राजमार्ग आहे.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे, नाहीतर माझ्या आकड्यांनी आपण चहाचा कप खाली ठेवाल. ५० अंशांचा फरक फिलिंगच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. दात हा उष्णतेचा मंद वाहक आहे, घोट दोन क्षणांत घशाखाली जातो आणि लाळ तापमान सावरून धरते. शिवाय सांधा नीट चिकटलेला असेल तर तो हा ताण सोसतो. त्यासाठीच तर तो चिकटवलेला असतो. प्रश्न येतो तो आधीच दुबळ्या असलेल्या सांध्याचा.

तो कोठे दुबळा असतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर या दंतसंशोधकाने एनॅमलवर काही क्षण फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. त्याने एनॅमलचा पृष्ठभाग अतिसूक्ष्म खाचांनी खडबडीत होतो आणि त्या खाचांत शिरून रेझिन घट्ट बसते. भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी तिला टोचे मारतो, त्यातलाच प्रकार. एनॅमलवरचे हे बंधन वर्षानुवर्षे टिकते. एनॅमलच्या आतला थर म्हणजे डेंटिन. ते मात्र ओलसर, तंतुमय आणि असंख्य सूक्ष्म नळ्यांनी भरलेले असते. तेथे रेझिनला ओल्या तंतूंच्या जाळीत शिरून बसावे लागते. काळ जाईल तसे पाणी त्या थरात मुरते, तंतू झिजतात आणि बंधन हळूहळू पोकळ होते.

आणि म्हातारपणी फिलिंग कोठे भरावे लागते? हिरडी खाली सरकलेली असते, दाताचे मूळ उघडे पडलेले असते आणि मुळावर एनॅमल नसतेच. म्हणजे वरची कड एनॅमलला धरून, खालची कड डेंटिनवर टेकलेली. आईची तपकिरी रेघ खालच्याच कडेला होती, यात नवल नव्हते.

गरम-गार होण्याने फटीत नेमके काय घडते, याचे एक जुने निरीक्षण मला फार बोलके वाटते. १९५२ साली अमेरिकेत तीन संशोधकांनी फिलिंग केलेले, काढून टाकलेले दात बर्फाच्या पाण्यात गार केले आणि नंतर बोटांच्या उबेत धरले. दात कोमट होऊ लागताच फिलिंगच्या कडेवर द्रवाचे बारीक थेंब पाझरून आले. गार होताना फट द्रव आत ओढते, गरम होताना बाहेर ढकलते. चूळ भरावी तसे हे आतबाहेर चालते. बाहेरून आत जाणाऱ्या द्रवाबरोबर साखर, आम्ल आणि जंतूही जातात.

प्रयोगशाळेत नव्या सामग्रीची परीक्षा घेतानाही हाच मार्ग वापरतात. फिलिंग केलेला दात ५ अंशांच्या पाण्यात आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात. प्रमाणित चाचणीत असे किमान ५०० फेरे असतात. १९९९ साली गेल आणि डार्व्हेल या अभ्यासकांनी असा अंदाज सुचवला की तोंडातील एका वर्षाची बरोबरी करायला सुमारे १०,००० फेरे लागतील. तो अंदाजच आहे. प्रत्येकाचे खाणेपिणे निराळे. तरी आपल्याकडच्या रिवाजाचा मी विचार करू लागले. पाहुण्याला आधी पाण्याचा पेला, लगेच त्यामागून वाफाळता चहा. लग्नाच्या पंगतीत गरम जिलबी आणि आइस्क्रीम एकाच ताटात. दात बिचारे काय काय सोसत असतील!

पण सगळा दोष चहावर टाकणे न्यायाचे होणार नाही. कॉम्पोझिटवर निळा प्रकाश टाकून ते कठीण करतात, तेव्हाच ते आकारमानाने दोन-तीन टक्के आक्रसते. सांध्यावरचा पहिला ओढा तेथेच बसतो. पुढे चावण्याचा दाब, लाळेतले पाणी, आम्ल यांची भर पडते. तापमानातला चढउतार हा या सगळ्यांतला एक भिडू. आईचा सांधा कशामुळे सुटला, असे मी विचारले तेव्हा माझी विद्यार्थिनी स्पष्ट म्हणाली, “एक कारण सांगता येणार नाही, बाई. आणि आधी ज्यांनी भरले त्यांची चूक होती, असेही मी म्हणणार नाही. त्या जागी ओल आवरणे आम्हा सर्वांनाच कठीण जाते.” तिचा हा सचोटीचा सूर मला आवडला.

तिने आईच्या गोळ्यांची पाकिटेही मागून घेतली. रक्तदाब, लघवीचा वेग आवरणे, झोप, मनाची उदासी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. लाळ कमी झाली की तापमान सावरणारी, आम्ल धुऊन नेणारी ओलच गेली. उघडे मूळ एनॅमलपेक्षा सौम्य आम्लानेही विरघळू लागते. म्हणून वृद्धांमध्ये जुन्या फिलिंगच्या कडेला नवी कीड इतक्या झपाट्याने वाढते. गोळ्या बंद करायच्या नसतात. तो निर्णय डॉक्टरांचा. परंतु आपल्या रुग्णाचे तोंड कोरडे पडते, हे दंतवैद्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगणे हे सांभाळणाऱ्याचे काम आहे. मी कधी सांगितले नव्हते.

आता त्या सणकेविषयी. डेंटिनच्या नळ्यांत द्रव असतो. गार पाणी लागले की तो चटकन बाहेरच्या दिशेने सरकतो आणि नळ्यांच्या आतल्या टोकाशी असलेल्या संवेदना जाग्या होतात. गरमापेक्षा गार अधिक झोंबते ते म्हणूनच. आईचा चहा चालला आणि पाणी बंद झाले, याचे कोडे येथे सुटले. मात्र वयाबरोबर दाताची आतली नस आक्रसत जाते, पुष्कळ नळ्या बुजतात आणि म्हाताऱ्या माणसाला दात कमी दुखतो. आईला सणक आली, हे एका अर्थी आमचे भाग्य. अनेकांना काहीही जाणवत नाही आणि एक दिवस घास चावताना दात मानेशीच मोडतो. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा हिशेब उतारवयात चुकतो.

दुरुस्तीच्या दिवशी मी खुर्चीच्या बाजूलाच बसले होते. तिने जुने फिलिंग काढले, खालची मऊ झालेली कीड खरवडली आणि या वेळी कॉम्पोझिटऐवजी ग्लास आयनोमर सिमेंट निवडले. विल्सन आणि केंट या इंग्लंडमधील संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस ते पुढे आणले. त्याचे प्रसरण दाताच्या बरेच जवळ असते, ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जोडले जाते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते. त्याची चमक कमी आणि झिजही अधिक. आईला हसताना ते दिसणार नव्हतेच. तिने आरसाही मागितला नाही.

दवाखान्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फक्त दिवा व पंखा चालू राहिला, तेव्हा मी आणखी एक गोष्ट शिकले. बाँडिंगची बाटली फ्रिजमध्ये का ठेवतात, असे मी विचारले. तिच्यात अल्कोहोल किंवा अॅसिटोनसारखे उडून जाणारे द्रव असतात. उन्हाळ्यात बाटली तापली, झाकण सैल राहिले, की ते उडतात आणि उरलेल्याने नीट चिकटत नाही. फ्रिजमधून काढून लगेच वापरणेही योग्य नाही. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. गार कॉम्पोझिट घट्ट असते, कोपऱ्यात नीट बसत नाही. आणि पूड व द्रव कालवून होणारे सिमेंट उकाड्यात फार लवकर आवळते, म्हणून ते कालवण्याची काच गार ठेवतात. आपल्या विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात काम करणाऱ्या दंतवैद्यांना हे सारे सांभाळावे लागते. आपल्या हाती एवढेच की तातडी नसेल तर सकाळच्या पहिल्या वेळा मागून घ्याव्यात. वृद्ध माणसालाही त्याच सोसतात.

माझ्या मावशीने दरम्यान आईच्या दाढेत लवंगेचे तेल लावले होते. मी ते सहज बोलून गेले, तर विद्यार्थिनी थबकली. लवंगेच्या तेलातले युजेनॉल ठणका शमवते हे खरे. पण ते कॉम्पोझिटच्या कठीण होण्यात अडथळा आणते. घरगुती उपाय करू नयेत असे ती म्हणाली नाही, केलेला उपाय लपवू नये असे म्हणाली.

सिमेंटवर तिने संरक्षक लेप दिला, कारण पहिल्या काही तासांत त्याला जादा ओल आणि कोरडेपणा दोन्ही बाधतात. त्या दिवशी कोमट पेज, मऊ भात, त्या बाजूने चावायचे नाही. पुढच्या दिवसांसाठी तिच्या सूचना साध्या होत्या. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट, मऊ ब्रश. फ्रिजऐवजी माठाचे पाणी. पाणी आणि चहा यांत पाच-दहा मिनिटांचे अंतर. बर्फ चावायचा नाही. आणि बशी मोडीत काढायची नाही! आमच्या घरात नातवंडे आजीच्या बशीला हसत असत. बशीत चहा पसरतो, लवकर निवतो आणि दातांना कमी चटका बसतो. आजीचे भौतिकशास्त्र पक्के होते.

आपल्या घरी कोणाला स्मृतिभ्रंश असेल, अर्धांगवायूनंतर बोलता येत नसेल, तर सणक सांगणार कोण? अशा वेळी वागण्यातूनच वाचावे लागते. दह्याचा चमचा ओठांशी येताच तोंड फिरवणे, एकाच गालाने चावणे, घास गालात साठवून ठेवणे, चूळ भरण्याला विरोध, गार पाण्याला नकार आणि कोमटाला होकार. मी आता १५ दिवसांतून एकदा आईला खिडकीपाशी बसवते आणि मोबाइलच्या उजेडात तिच्या दातांच्या मानेवरून नजर फिरवते. नवी तपकिरी रेघ, एकाच जागी अडकणारी भाजी, तुटलेली कड. दोन मिनिटांचे काम. पहिल्यांदा ती चिडली, “मी काय बैल आहो का, दात पाहाले?” असे म्हणाली. आता स्वतःच तोंड उघडते.

दातांत कॅप असेल तर तीही सिमेंटनेच बसवलेली असते आणि तेही झिजते. कॅप हलू लागली तर वाट पाहू नये, कारण झोपेत ती निसटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. निघाली तर डबीत जपून दंतवैद्याकडे न्यावी. घरातल्या झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने ती कधीही बसवू नये. पुढे ती नीट बसवणे अवघड होते आणि तो गोंद तोंडासाठी नसतोच.

कवळीचे तर उष्णतेशी उघड वैर आहे. निर्जंतुक करायची म्हणून माझ्या एका शेजारणीने सासूबाईंची कवळी उकळत्या पाण्यात टाकली. ती वाकली आणि पुन्हा बसली नाही. नवी होईपर्यंत महिनाभर सासूबाई पातळ खिचडीवर राहिल्या. कवळी साध्या किंवा कोमट पाण्यानेच धुवावी, रात्री पाण्यात बुडवून ठेवावी, उन्हात खिडकीवर ठेवू नये. वरची कवळी टाळू झाकते आणि अॅक्रिलिकमधून उष्णता हळू जाते. त्यामुळे चहा किती कडक आहे हे टाळूला कळत नाही आणि घसा पोळतो. कवळी घालणाऱ्यांना कप देण्यापूर्वी एक थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहावा, बाळाचे दूध पाहतो तसा.

नवे फिलिंग होऊन आता आठ महिने झाले. कड अजून स्वच्छ आहे. हे किती वर्षे टिकेल याची हमी माझ्या विद्यार्थिनीने दिली नाही आणि मी मागितलीही नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचे ठरले आहे. पुढची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली लिहून ठेवली आहे. आई दुपारी माठाशेजारी खुर्ची ओढून बसते. काल तिने पेला भरून मागितला, मान सरळ ठेवून अर्धा प्यायली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता काहून उभी राहतं समोर? पितो ना मी.”